दोन्ही पावलांची मापं वेगळी: मापाचे रनिंग शूज थ्रीडी प्रिंट करून गोव्यात बनवता येतील का?

फर्मागुडी_चढ:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण मापं आधीच देतो म्हणजे उलट विचारावं लागणार नाही.

उजवं पाऊल २६४ मिमी लांब, डावं २५८. चवड्याची रुंदी उजवीकडे १०७, डावीकडे १०४. चवड्याभोवतीचा घेर २६२ आणि २५६. टाचा मात्र अरुंद, दोन्ही ६४-६५. म्हणजे पुढे पसरट, मागे निमुळतं. चवड्याला मोकळा बूट घेतला की टाच उचलते, टाचेला बसणारा घेतला की उजवी करंगळी घासते. आठवड्याला ४० ते ५० किमी धावणं, बरंचसं फोंडा–फर्मागुडी–म्हार्दोळ रस्त्यावर, त्यामुळे चढ-उतार आलेच. जून ते सप्टेंबर बूट पूर्ण असे कधी वाळतच नाहीत.

पाय स्कॅन करून मिडसोल (तळव्याखालचा गादीचा जाड थर) प्रिंट करणं, रोबोटने अप्पर (बुटाचा वरचा भाग) फवारणं, असं बरंच वाचलं. वेर्ण्याच्या एका वर्कशॉपमधला साधा फिलामेंटचा (प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारा) प्रिंटर वापरायला मिळू शकतो, ३०० मिमीचा बेड (छपाईची पाटी) आहे, टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) चालतं. विचारायचंय ते असं: या तंत्रांपैकी खरोखर 'मापाचा' बूट कोणतं देतं? घरच्या प्रिंटरवर मिडसोल करावा की फक्त इनसोल (आतली सुटी गादी)? पायाचं माप किती अचूक लागतं आणि मोबाइलचा स्कॅन चालेल का? आणि आपल्या दमट हवेत हे सगळं टिकतं का?

कलबूत:

मापं दिलीत ते बरं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे.

बूट मापाचा होतो तो फर्म्यामुळे. फर्मा म्हणजे लास्ट, जुन्या भाषेत कलबूत. पावलाच्या आकाराचा जो ठोकळा आत घालून अप्पर त्यावर ओढून बसवतात तो. सोल कितीही नव्या तंत्राचा असो, अप्पर ठरावीक फर्म्यावर चढलेलं असेल तर करंगळी तिथेच घासणार. थ्रीडी प्रिंटिंगच्या चर्चेत नेमकं हेच मागे पडतं. जाळीदार सोल सगळ्यांना दिसतो, फर्मा कारखान्याबाहेर येतच नाही.

आता एकेक तंत्र बघा. आदिदासने २०१७ मध्ये कार्बन या अमेरिकी कंपनीबरोबर फ्यूचरक्राफ्ट फोर-डी आणला. द्रव रेझिनच्या टाकीत खालून प्रकाश टाकून आकार घट्ट करत वर ओढायचा, खालच्या खिडकीतून झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे तो खिडकीला चिकटत नाही, शेवटी भट्टीत तापवून पक्का करायचा. मिडसोल उत्तम निघतो, पण बूट विकला गेला तो नेहमीच्या नंबरांत. न्यू बॅलन्सने २०१६ मध्ये पावडर लेसरने वितळवून बनवलेल्या मिडसोलचे फक्त ४४ जोड काढले. त्यांचेही नंबर ठरलेलेच. ब्रूक्सने एचपीच्या फिटस्टेशनच्या आधारे जेनेसिस नावाचा बूट २०१८ साठी जाहीर केला. त्यात पाऊल स्कॅन करून, चाल मोजून, मिडसोलमध्ये वेगवेगळ्या कडकपणाचं पॉलियुरेथेन माणसागणिक बदलून भरायचं अशी योजना होती. माझ्या मते 'मापाचा' या शब्दाला जागणारा हा प्रयत्न.

ऑन या स्विस कंपनीचं लाइटस्प्रे हे तंत्र २०२४ मध्ये आलं. रोबोटच्या हातात फर्मा, त्यावर सुमारे दीड किलोमीटर लांबीचा तंतू फवारला जातो आणि ३ मिनिटांच्या आसपास अप्पर तयार होतं. शिवण नाही, लेस नाही. केनियाच्या हेलन ओबिरीने त्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉन हाच बूट घालून जिंकली. मला यात सगळ्यांत जास्त आशा वाटते ती एवढ्याचसाठी की इथे कापड कापायचे साचे नाहीत, फर्मा बदलला की बूट बदलला. पण तुमच्या पायाचा फर्मा कुणीतरी करायला हवाच.

यंत्रं आली म्हणून सगळं सोपं झालं असंही नाही. आदिदासचे जर्मनीतल्या ॲन्सबाखचे आणि अमेरिकेतल्या अटलांटाचे स्पीडफॅक्टरी नावाचे यंत्रमानवी कारखाने २०२० मध्ये बंद झाले आणि ते तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे गेलं.

आता तुमचा हिशोब. फर्म्याची लांबी म्हणजे पाऊल अधिक बोटांपुढची मोकळीक, धावण्यासाठी १२ मिमी धरा. उजवा २७६, डावा २७०. यूके पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, ८.४६ मिमी. त्या हिशोबाने उजवा साडेसात, डावा सात. युरोपी पद्धतीत एक नंबर ६.६७ मिमीचा, म्हणजे तुमच्या दोन पावलांत जवळजवळ एका युरोपी नंबराचा फरक आहे. हा फरक इनसोलने भागण्यासारखा आहे. खरी अडचण लांबीची नाहीच, चवडा आणि टाच यांच्या प्रमाणाची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पाय स्कॅन करून 'भा' ही भारतीय मापपद्धती सुचवली, ती याच कारणाने. आपल्याकडचे पाय पुढे रुंद असतात आणि यूके किंवा युरोपच्या नंबरांवरचे फर्मे त्यांना बसत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी साडेसात नंबरचा, २ई किंवा ४ई (म्हणजे रुंद आणि जास्त रुंद) मापाचा तयार बूट आणि त्यात प्रिंट केलेले दोन वेगवेगळे इनसोल. टाच तरीही उचलत असेल तर पुढची पायरी स्वतःचा फर्मा. मिडसोल सगळ्यांत शेवटी, आणि खरं तर नकोच.

मापाडी:

कलबूत यांच्या उत्तराला जोडून मापाचं सांगतो, कारण इथली चूक पुढे कुठेच दुरुस्त होत नाही.

माप संध्याकाळी घ्या, शक्यतो धावून आल्यावर तासाभरात. दिवसभरात पाऊल सुजतं आणि धावताना आणखी. बसून आणि उभं राहून घेतलेल्या लांबीत ३-४ मिमीचा फरक सहज पडतो. लांबी आणि रुंदी उभं राहून घ्या, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. तळव्याचा आकार मात्र बसून, गुडघा काटकोनात ठेवून, अर्धवट वजनावर. पूर्ण वजनावर कमान दबते आणि तो दबलेला आकार इनसोलमध्ये उतरला की आधार मिळतच नाही.

लांबीसाठी पेन्सिलीने कागदावर आकार काढू नका. पेन्सिल जराशी तिरपी झाली की ३-४ मिमी वाढतात, आणि तुमच्या दोन पायांतला फरकच ६ आहे. टाच भिंतीला टेकवा, सर्वांत लांब बोटापुढे गुण्या उभा धरा, भिंतीपासून अंतर मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. तीन वेळा मोजून मधला आकडा घ्या.

फर्म्यासाठी लांबी, चवड्याचा घेर आणि टाचेची रुंदी पुरत नाही. आणखी हे लागेल: पावलाच्या मधल्या उंचवट्याभोवतीचा घेर, टाचेच्या मागच्या टोकापासून त्या उंचवट्यावरून फिरवलेला तिरका घेर, अंगठ्याच्या टोकाशी उंची, आणि टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप बहुतेक जण विसरतात. बूट जिथे वाकतो ती रेषा त्याच सांध्याखाली यायला हवी. एकूण लांबी बरोबर असूनही ही रेषा ६-७ मिमी मागेपुढे झाली की बूट चवड्यात टोचतो आणि लोक नंबराला दोष देतात.

मोबाइलच्या स्कॅनबद्दल. फोटो जुळवून आकार काढणारी ॲप्स पावलाच्या वरच्या भागाला ठीक आहेत, २ मिमीच्या आसपास चूक धरून चाला. तळवा त्यांना दिसतच नाही, कारण तो जमिनीला टेकलेला असतो. तळव्यासाठी फोमची पेटी घ्या, ऑर्थोटिक (पायाला आधार देणाऱ्या खास गाद्या) बनवणाऱ्यांकडे मिळते. पाऊल त्यात टाच, मग बाहेरची कड, मग चवडा, मग बोटं या क्रमाने सरळ खाली दाबायचं, फिरवायचं नाही. तो खड्डा मोबाइलने स्कॅन करा, पाऊल स्कॅन करण्यापेक्षा सोपं जातं कारण फोम हलत नाही. दाबलेला फोम गाडीत उन्हात ठेवू नका.

वरच्या भागाचा स्कॅन करताना पातळ, चमक नसलेला पांढरा मोजा घाला, त्यावर स्केचपेनने बारीक ठिपके द्या. नुसत्या एकसारख्या कातडीवर ॲपला खुणा सापडत नाहीत. शेजारी ए-४ कागद सपाट ठेवा आणि मॉडेलमध्ये त्याची लांबी २९७ मिमी येते का ते तपासा. २९३ आली तर सगळं मॉडेल त्या प्रमाणात वाढवायचं. हे न करता थेट प्रिंटला पाठवलेल्या स्कॅनवर माझा विश्वास नाही.

वेर्णेकर:

इनसोल प्रिंट करण्याबद्दल सविस्तर लिहितो, तेवढं घरच्या प्रिंटरवर खात्रीने जमतं.

फिलामेंट: टीपीयू, शोअर ८५ए (मऊपणाचं माप, आकडा कमी तितकं मऊ) मिळालं तर तेच. ९५ए प्रिंट करायला सोपं, पण इनसोलला कडक वाटतं, मग जाळी विरळ करावी लागते. पॉलिईथर प्रकारचं आहे का ते विक्रेत्याला विचारा. पॉलिएस्टर प्रकारचं टीपीयू उष्ण दमट हवेत पाण्याने हळूहळू तुटतं. कपाटात ठेवलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा सोल दोन-तीन पावसाळ्यांनी भुगा होऊन गळतो, ते गोव्यात घरोघरी माहीत आहे. इथेही तीच प्रक्रिया.

सुकवणं ही पायरी टाळून चालणारच नाही. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते आणि उघडं टीपीयू एका रात्रीत पुरेसं पाणी पितं. नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते: बारीक तडतड आवाज येतो, धागे सुटतात, भिंतीत बुडबुडे राहतात. असा इनसोल दिसायला खडबडीत एवढंच वाटतं, पण थर एकमेकांना नीट चिकटलेले नसतात आणि महिन्याभरात कमानीपाशी सोलून निघतो. ५५ अंशांवर ६ ते ८ तास सुकवा आणि प्रिंट चालू असतानाही रीळ सिलिका जेलच्या बंद डब्यातच ठेवा. डब्यातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली हवी, छोटा मीटर आत टाकून ठेवा.

सेटिंग: नोझल ०.६ मिमी, थर ०.२५, तापमान २२५ ते २३५, बेड ४५, वेग ३० मिमी प्रतिसेकंद, रिट्रॅक्शन (तार मागे ओढणं) ०.८ मिमीच्या आत. मोटर थेट नोझलवर बसलेली असेल तरच ८५ए घ्या. लांब नळीतून ढकलायचं असेल तर मऊ फिलामेंट गिअरपाशीच गोळा होतं. पंखा २० ते ३० टक्के. पूर्ण जोरात लावला की थर सुटतात. काचेच्या बेडवर थेट छापू नका, टीपीयू इतकं घट्ट बसतं की काढताना काचेचा पापुद्रा निघतो. मधे डिंकाच्या कांडीचा एक पातळ हात द्या.

आकार: चवड्याखाली ३ मिमी, टाचेखाली ५, टाचेच्या वाटीची कड १२ ते १४ मिमी उंच. आतली जाळी जायरॉइड (नागमोडी पडद्यांची), भरण चवड्याला १२ टक्के, टाचेला १५, कमानीखाली २२ ते २५. स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगवेगळ्या भागांना वेगळी जाळी देण्याची सोय असते, त्यासाठी मॉडेलचे तुकडे करावे लागत नाहीत. बाहेरच्या भिंती २. वरचा आणि खालचा बंद थर शून्य ठेवा: जाळी उघडी राहते, पाणी खाली निघून जातं, बूट लवकर वाळतो. उघडी जाळी थेट मोज्याला लागू द्यायची नाही, वरून २ मिमीचा छिद्रांचा ईव्हीए (बुटातला नेहमीचा फोम) किंवा कापड चिकटवा. एका इनसोलला ४० ते ५० ग्रॅम माल आणि ३ ते ४ तास लागतील.

बुटातला मूळ इनसोल काढून कॅलिपरने मोजा, बहुधा ४-५ मिमी निघेल. नवा इनसोल वरच्या कापडासकट त्याच जाडीचा हवा, वर दिलेली जाडी त्या हिशोबाने कमी करा. २ मिमी जाड झाला की टाच वाटीतून वर येते, आणि तुमची तक्रार मुळात टाच सुटण्याचीच आहे.

डाव्या पायासाठी एक बदल: टाचेच्या वाटीची मागची भिंत ३ मिमी जाड करा. साडेसात नंबरमध्ये डाव्या पायापुढे १७-१८ मिमी मोकळे राहतात, तो पाय ३ मिमी पुढे सरकला की १४-१५ उरतील. पुढे बोटांपाशी भराव घालून हा फरक भरू नका. उतारावर बोटं त्यावर आपटतात आणि नखं काळी पडतात.

जायरॉइड_१५:

इनसोलपुरतं पटलं. पण मिडसोलला इतका विरोध का? मोठ्या कंपन्या करतातच ना? बेड ३०० मिमीचा आहे, मिडसोल मावतो, टाचेला आणि चवड्याला हवा तसा वेगळा मऊपणा देता येतो. ते फोममध्ये जमत नाही.

वेर्णेकर:

मऊपणा भागागणिक बदलता येतो हे खरं, आणि तो या तंत्राचा मोठा गुण आहे. अडतं ते वजनावर. मिडसोल २७ × ८ × २ सेंमी धरा, ४३२ घन सेंमी झाले. टीपीयूची घनता १.२१. १५ टक्के जाळीचे ७८ ग्रॅम, भिंती आणि पातळ वरखालचे थर मिळून आणखी ४० ते ४५. एका पायाला साधारण १२० ग्रॅम. तेवढाच ईव्हीए फोम ०.१५ घनतेने ६५ ग्रॅम भरतो आणि शर्यतीच्या बुटातला पेबा हा हलका फोम ०.१ च्या आसपासच्या घनतेचा असेल तर ४३. प्रत्येक बुटाला १०० ग्रॅम वाढले की धावताना ऑक्सिजनची गरज सुमारे १ टक्का वाढते, असं चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जाळी १० टक्क्यांवर आणली तर चढ उतरताना टाच पूर्ण दबून तळाला लागते.

दुसरं, जाळी उघडी ठेवली तर जांभ्याचा लाल चिखल आत जाऊन बसतो आणि वाळला की काढता येत नाही. बंद ठेवली तर वजन वाढतं. तिसरं, खाली रबराचा आउटसोल (जमिनीला लागणारा थर) लावावाच लागेल, ओल्या टाइल्सवर आणि शेवाळलेल्या चिऱ्यांवर टीपीयू घसरतं. चौथं, बूट बोटांच्या सांध्याशी हजारो वेळा वाकतो आणि थर तिथेच उलगडायला लागतात. रेझिनच्या किंवा पावडरच्या पद्धतीत थरांची ही कमजोरी बरीच कमी असते, म्हणून मोठ्या कंपन्यांनी मिडसोलला त्या निवडल्या.

चालायचे बूट, दिवसभर उभं राहण्याच्या कामाचे बूट यांना प्रिंट केलेला मिडसोल जरूर करून बघा. तिथे वजन एवढं आड येत नाही.

घोटा_गुडघा:

फिजिओथेरपीच्या बाजूने थोडं. स्कॅनवरून 'कमान सपाट आहे म्हणून एवढा आधार द्या' असं थेट सूत्र लावू नका. अमेरिकी लष्कराच्या भरती-प्रशिक्षणात कमानीच्या उंचीप्रमाणे बूट वाटून पाहिले, इजांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. कमानीखालची जाळी २५ टक्क्यांपासून सुरू करण्याऐवजी १८ वर करा, आठवडाभर नुसतं चाला, मग वाढवायची का ते ठरवा. मऊ इनसोल कडक करायला पुन्हा प्रिंट पुरतं, कडक इनसोलने तळव्याला आलेली सूज उतरायला आठवडे जातात.

नव्या इनसोलवर पहिल्या आठवड्यात फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात तीनपैकी एक धाव, तीही १५-२० मिनिटांची, सपाटीवर. मिरामारचा रस्ता चालेल, फर्मागुडीचा चढ नको. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक जुन्या बुटाएवढाच ठेवा. १० मिमीवरून एकदम ४ वर आलात तर भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतो, आणि चढ-उतार करणाऱ्यांना तो लवकर जाणवतो. कोणाला मधुमेह असून तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर असले प्रयोग घरी करू नयेत. घासलेलं कळत नाही आणि जखम वाढते.

टाच उचलते त्यासाठी आधी लेस बदलून बघा: सर्वांत वरच्या दोन भोकांतून त्याच बाजूला लेस घालून छोटा फास करायचा आणि समोरची लेस त्या फासातून ओढून बांधायची. टाच मागे घट्ट धरली जाते आणि चवडा सैलच राहतो. तुमच्यासारख्या पावलाला याचा उपयोग चांगला होतो.

फर्मागुडी_चढ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मिडसोलचा विचार सोडला. मापं मापाडी यांच्या पद्धतीने पुन्हा घेतो, अंगठ्याच्या सांध्याचं अंतर मी मोजलंच नव्हतं. घोटा_गुडघा ताई, लेसची युक्ती आजच करतो.

इनसोलने भागलं नाही तर पुढचं विचारून ठेवतो. फर्मा पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये प्रिंट केला आणि बूट बनवणाऱ्या एखाद्या कारागिराकडून त्यावर अप्पर चढवून घेतलं, तर चालेल का? आणि असा बूट शर्यतीत घालायला काही अडचण?

मिरामार_पहाट:

शर्यतीचं सांगतो. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमांत एकाच खेळाडूसाठी खास बनवलेला, एकमेव असा बूट चालत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी ४० मिमीच्या आत आणि कडक प्लेट असेल तर एकच. हे नियम त्यांच्या नियमाखालच्या स्पर्धांतल्या वरच्या पातळीच्या धावपटूंना लागतात. आपल्याकडच्या हौशी शर्यतींत तुमचा बूट कोणी तपासणार नाही. पात्रता वेळ किंवा निवडीसाठी धावणार असाल तर मात्र बाजारात मिळणारा मान्य बूटच घाला.

कलबूत:

पीएलए नको. कारण सांगतो. सोल चिकटवताना पॉलियुरेथेनचं सोल्युशन लावून, वाळवून, मग ६० ते ७० अंशांवर तापवून ते जागं करावं लागतं, आणि त्या वेळी अप्पर फर्म्यावरच असतं. पीएलए ६० अंशांनाच मऊ पडायला लागतं. वरून अप्परचा ताण आणि प्रेसचा दाब, म्हणजे चवडा दोन-तीन मिमी बसणार आणि ज्यासाठी एवढी मापं घेतली तीच जाणार. पीईटीजी हे प्लास्टिक ८० पर्यंत टिकतं, त्यात काम निभावतं. एबीएस किंवा एएसए १०० च्या आसपास जातं, प्रिंटरला बंद झाकण असेल तर तेच घ्या. कारखान्यातले फर्मे एचडीपीईचे, यंत्रावर कोरलेले असतात. भिंती ५, जाळी २५ टक्के, त्याहून हलका केला तर खिळा-हातोडी लागताच तडकतो.

फर्मा अखंड करू नका, बुटातून निघणार नाही. पावलाच्या उंचवट्यामागे तिरका काप देऊन दोन तुकडे करा आणि वरून घालता येईल अशा एम-८ च्या बोल्टने जोडा. बूट झाला की बोल्ट सोडायचा, मागचा तुकडा आधी काढायचा.

पायाचा स्कॅन म्हणजे फर्मा नव्हे, ही चूक फार होते. स्कॅनला पुढे १२ मिमी वाढवायचे, बोटांचा भाग एकसंध गोल करायचा, तळाची कड धारदार ठेवायची, टाचेला मात्र पायापेक्षा १-२ मिमी आत घ्यायचं म्हणजे पकड येते. निटचं (विणलेलं) अप्पर ताणतं, त्याला चवड्याचा घेर पायाएवढाच ठेवा. साध्या मेशला (जाळीच्या कापडाला) ३-४ मिमी जादा. आणि पुढचं टोक जमिनीपासून उचललेलं हवं, तेही सोलच्या वळणाशी जुळवून, नाहीतर सोल चिकटवताना पुढे फट राहते.

याहून स्वस्त मार्गही आहे आणि आधी तो करून बघावा असं मी म्हणेन. कारागिराकडे साडेसातचा अरुंद टाचेचा जुना फर्मा असेल तर उजव्याच्या करंगळीच्या बाजूला ३ मिमी चामड्याचा तुकडा चिकटवून, कड शून्यावर उतरेपर्यंत घासून काढायचा. घेर टेपने मोजत मोजत २६२ पर्यंत आणायचा. चामड्यावर गुळगुळीत टेप लावा म्हणजे अप्पर त्यावर अडकणार नाही. ऑर्डरचे बूट करणारे हे पूर्वीपासून करतात, आणि प्रिंटच्या १५-२० तासांऐवजी एका दुपारचं काम आहे.

चिकटवण्यात पावसाळ्याची काळजी घ्या. ईव्हीएला आधी प्राइमर लागतो, नुसतं सोल्युशन त्याच्यावर धरत नाही, सोल अख्खाच्या अख्खा सुटून येतो. सोल्युशनमध्ये हार्डनर ३ ते ५ टक्के, आणि मिसळलेलं त्याच दिवशी संपवायचं. हवेतल्या पाण्याशी क्रिया होऊन हार्डनर वाया जातो, म्हणून डबा उघडा ठेवून काम करायचं नाही. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. तसाच जोडलात तर आठवड्यात टाचेकडून उघडतो. पंख्याखाली नव्हे, गरम हवेत वाळवा, आणि जोडून दाब दिल्यावर २४ तास फर्मा काढू नका. ईव्हीएला ७० च्या वर नेऊ नका, तो आक्रसतो. बंद गाडीत दुपारभर राहिलेला बूट लहान वाटतो, त्याचं कारणही तेच.

पहिला फर्मा उजव्याचाच करा. त्यावर जुन्या मोज्याचं कापड ताणून शिवा आणि ते काढून पायात घालून बघा. करंगळीपाशी आणि टाचेपाशी कुठे चुणी पडते, कुठे ओढतं ते तिथेच दिसेल. तेवढं जमल्याशिवाय अप्परचं कापड कापू नका.